गिनी फाउलचे रंग आणि नावांची गफलत : पक्षिपालकांच्या नामकरणपद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

प्राणिशास्त्राच्या वर्गात नामकरण हा घटक शिकविताना आपण लिनियसपासून आरंभ करतो आणि द्विनाम पद्धतीपाशी थांबतो. जातीच्या खाली, म्हणजे वाण, उपवाण आणि रंगप्रकार या पातळीवर नावांचे काय होते, याकडे अभ्यासक्रमाचे सहसा लक्ष जात नाही. वास्तविक शेतकरी, पक्षिपालक व खरेदीदार यांचा दैनंदिन व्यवहार याच पातळीवर चालतो. 'न्यूमिडा मेलिॲग्रिस' हे नाव जगभर एकच असले, तरी त्या नावाखाली पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांच्या रंगांना दर देशागणिक आणि बरेचदा दर पालकागणिक निराळी नावे आहेत. प्रस्तुत लेखात गिनी फाउलच्या रंगप्रकारांच्या या नावांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. विषय लहान आहे, हे मान्य करावयास हवे. मात्र नाव आणि वस्तू यांच्यातील करार मोडतो तेव्हा कोणाचे व कसे नुकसान होते, हे अशा लहान विषयातच अधिक स्पष्ट दिसते.

या नुकसानीचे स्वरूप प्रथम पाहू. रानटी रंगाच्या गिनी फाउलचे पिलू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या अंगावर तपकिरी पट्टे असतात. प्रौढ पक्ष्याच्या काळपट करड्या पिसांचा किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा तेथे मागमूस नसतो. खरी पिसे पुढे काही आठवड्यांनी येऊ लागतात. जो मनुष्य एक दिवसाची पिले विकत घेतो, त्याला रंग दिसत नाही. त्याच्या हाती असते ते केवळ नाव. त्या नावाच्या भरवशावर तो पैसे मोजतो, आणि पुढील पिढीत कोणती पिले निपजतील याची अपेक्षाही त्याच नावावर बांधतो. या व्यवहारात नाव म्हणजे एक लेखी नसलेले वचनच असते.

मूळ नावातील गोंधळ

हा पक्षी आफ्रिकेतील. त्याच्या नावांचा गुंता मात्र रंगप्रकारांच्या फार पूर्वीचा आहे. ग्रीक पुराणकथेत मेलिॲगर या वीराच्या मृत्यूने शोकाकुल झालेल्या त्याच्या बहिणींचे पक्षी झाले; त्यांच्या अश्रूंचे ठिपके पिसांवर उमटले, असे सांगितले जाते. या कथेवरून 'मेलिॲग्रिस' हा शब्द आला. लिनियसने १७५८ मध्ये गिनी फाउलला 'फॅसिॲनस मेलिॲग्रिस' असे नाव दिले आणि त्याच ग्रंथात अमेरिकेतील टर्कीच्या प्रजातीलाही 'मेलिॲग्रिस' हेच नाव दिले. १७६४ मध्ये 'न्यूमिडा' ही प्रजाती स्थापन झाली आणि आजचे नाव रूढ झाले. तात्पर्य, अश्रू आफ्रिकेतील पक्ष्याचे आणि प्रजातीचे नाव अमेरिकेतील पक्ष्याला, अशी ही वाटणी. इंग्रजीतील 'टर्की' या शब्दाचा इतिहासही असाच आहे. तुर्की व्यापाऱ्यांच्या मार्गाने युरोपात आलेल्या गिनी फाउलला लावलेले ते नाव पुढे अमेरिकन पक्ष्याकडे गेले.

युरोपीय भाषांनी ठिपक्यांकडे पाहून नावे ठेवली. पोर्तुगीज भाषेत 'पिंताडा', म्हणजे रंगविलेली. त्यावरून फ्रेंच 'पँताद'. जर्मनांनी तिला 'पेर्लहून' म्हटले, म्हणजे मोत्यांची कोंबडी. इटालियन लोकांना ती फॅरोची वाटली, म्हणून 'फाराओना'. यांपैकी 'मोती' हा शब्द पुढील चर्चेत पुन्हा येणार आहे, आणि सर्वांत अधिक घोटाळा त्यानेच केला आहे.

दोन प्रश्न, एक शब्द

गिनी फाउलच्या रंगप्रकारांची नावे एकत्र ठेवून पाहिली तर प्रथमदर्शनी ती एखाद्या कापडाच्या दुकानातील पाटीसारखी वाटतात : पर्ल, लव्हेंडर, रॉयल पर्पल, व्हायोलेट, कोरल ब्लू, स्लेट, चॉकलेट, ब्राँझ, बफ, बफ डनडॉट, पोर्सेलिन. शांतपणे विचार केल्यास मात्र असे लक्षात येते की या सर्व नावांना दोनच प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आहेत. पिसाचा मूळ रंग कोणता, हा पहिला प्रश्न. त्यावर ठिपके किती, हा दुसरा. ठिपके पुरे असतात, थोडे असतात किंवा नसतात. पर्ल म्हणजे काळपट करड्या अंगावर पुरे ठिपके. रॉयल पर्पल म्हणजे जांभळट झाक असलेले गडद अंग आणि मुख्यतः कुशीकडे उरलेले थोडे ठिपके. व्हायोलेटमध्ये अंग गडदच, पण ठिपके नाहीत. लव्हेंडरमध्ये अंग फिकट निळसर करडे आणि ठिपके पुरे. कोरल ब्लूमध्ये अंग निळसर आणि ठिपके उणे.

आता नावांकडे पाहावे. 'रॉयल पर्पल' आणि 'व्हायोलेट' हे दोन शब्द ऐकणाऱ्यास असे वाटते की या दोहोंत जांभळ्या रंगाच्या छटेचा फरक आहे. प्रत्यक्षात व्यवहारात महत्त्वाचा फरक आहे तो ठिपक्यांचा, आणि त्याविषयी दोन्ही नावे मौन पाळतात. 'कोरल ब्लू'मधील पोवळ्याचा पक्ष्याच्या अंगाशी कोणता संबंध आहे, हे पक्षी समोर ठेवूनही उमगत नाही. त्यातल्या त्यात 'बफ डनडॉट' हे नाव प्रामाणिक म्हणावे लागेल. ते कानाला ओबडधोबड लागते, परंतु त्यात रंगही ऐकू येतो आणि ठिपकाही. सुंदर नावांनी जे लपविले ते या कुरूप नावाने सांगितले, असे म्हणता येईल.

याच्या जोडीला समानार्थी नावांची भर पडते. अमेरिकेतील पालक ज्याला पर्पल म्हणतात, त्याच्या जवळपासच्या पक्ष्यासाठी ब्रिटनमध्ये 'मलबेरी', म्हणजे तुती, हा शब्द ऐकू येतो. छाती पांढरी आणि उरलेले अंग रंगीत अशा पक्ष्याला कोणी 'पाइड' म्हणतो, कोणी 'स्प्लॅश्ड', तर कोणी सरळ 'व्हाइट-ब्रेस्टेड'. या तिसऱ्या उदाहरणात केवळ शब्दांचा प्रश्न नाही. पांढऱ्या आणि पर्ल पक्ष्यांची जोड लावली असता असे अबलख पक्षी निपजतात. त्यांची आपसात जोड लावली तर पांढरी, पूर्ण रंगीत आणि पुन्हा अबलख अशी तिन्ही तऱ्हेची पिले मिळतात. याचा अर्थ 'अबलख' हा स्थिर वाणच नव्हे. ती दोन वाणांमधील विषमयुग्मजी अवस्था आहे. तिला स्वतंत्र वाणासारखे नाव देऊन विकणे म्हणजे पुढील पिढीत जे टिकणार नाही ते टिकेल असे सुचविणे होय. विक्रेत्याचा हेतू वाईट असेलच असे नाही. नावानेच त्याच्या वतीने असत्य सांगितलेले असते.

निळा म्हणजे कोणता निळा?

नाव आणि अनुवंश यांची फारकत किती महागात पडते, हे समजण्यासाठी क्षणभर गिनी फाउलकडून साध्या कोंबडीकडे वळणे आवश्यक आहे. कारण बहुतेक पालक दोन्ही पक्षी पाळतात आणि एकीचे शब्द दुसरीला लावतात. अँडॅलुशियन कोंबडीचा निळा रंग हे आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांतील जुने उदाहरण. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटसन व पनेट यांनी दाखवून दिले की निळ्या कोंबडीची निळ्या कोंबड्याशी जोड लावली असता काळी, निळी आणि मळकट पांढरी पिले १ : २ : १ या प्रमाणात मिळतात. हा निळा रंग अपूर्ण प्रभावितेचा परिणाम असून तो कधीही शुद्ध वंशाने चालत नाही.

याउलट कोंबडीतच आणखी एक फिकट निळसर रंग आहे. तो अप्रभावी जनुकाचा असून शुद्ध वंशाने चालतो. म्हणजे अशा दोन पक्ष्यांची सर्व पिले त्याच रंगाची निघतात. या फिकटपणाचे मूळ मेलॅनोफिलिन नावाच्या जनुकातील बदलात आहे, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. या रंगाला ब्रिटनमध्ये 'लव्हेंडर' म्हणतात. अमेरिकेत त्यालाच 'सेल्फ ब्लू' म्हणण्याची प्रथा आहे. जर्मन आणि डच पालक त्यालाच 'मोती-करडा' या अर्थाचा शब्द वापरतात. येथेच मोत्याचा घोटाळा पुरा होतो. गिनी फाउलमध्ये 'मोती' किंवा 'मोती-करडा' म्हणजे मूळ रानटी, गडद, ठिपकेदार रंग; तोच शब्द कोंबडीला लावला की अर्थ होतो लव्हेंडर. गिनी फाउलमध्ये मात्र पर्ल आणि लव्हेंडर हे परस्परांपासून वेगळे ओळखले जाणारे दोन प्रकार आहेत. मध्य युरोपातील एखाद्या पालकाने इंग्रज पालकाकडून पत्राने पक्षी मागविताना या शब्दावर विसंबून राहावे काय, याचे उत्तर देण्याची गरज नाही.

गिनी फाउलमधील लव्हेंडरही अप्रभावी आहे. रॉयल पर्पलमधील ठिपक्यांचा उणेपणा हाही अप्रभावी गुण मानला जातो. हे दोन गुण निरनिराळ्या जनुकस्थानी असतील तर लव्हेंडर आणि रॉयल पर्पल यांच्या जोडीतून होणारी पहिली पिढी दिसायला सरसकट पर्ल निघेल. पालकाने दोन 'दुर्मीळ' रंग एकत्र आणले आणि हाती आला सर्वांत साधा रंग! तो निराश होऊन ही पिले पर्ल म्हणून विकतो. घेणारा त्यांची आपसात जोड लावतो आणि त्याच्या अंगणात अचानक चार तऱ्हेची पिले दिसू लागतात. यात निसर्गाने कोणाला फसविलेले नाही. 'पर्ल' या एकाच शब्दाने शुद्ध पर्ल आणि आत दोन अप्रभावी गुण वाहणारा पर्ल, असे दोन वेगळे पक्षी एकाच पंगतीला बसविले, एवढेच झाले. अनुभवी पालक दुसऱ्या तऱ्हेच्या पक्ष्याला 'स्प्लिट' म्हणतात. हा शब्द उपयुक्त आहे. दुर्दैवाने तो विकण्याच्या पावतीवर क्वचितच येतो.

मानके कशासाठी?

अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन ही संस्था १८७३ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे मानक प्रसिद्ध झाले. या मानकात गिनी फाउलचे पर्ल, लव्हेंडर आणि पांढरा हे तीनच रंगप्रकार मान्य आहेत. उरलेली सर्व नावे मानकाबाहेरची, म्हणजे व्यवहारतः कोणाच्याही नियंत्रणाखाली नसलेली. कोणी यावर असे म्हणेल की मानकाने आणखी दहा नावे स्वीकारली की प्रश्न मिटेल. मला तसे वाटत नाही. मानक हे प्रदर्शनासाठी असते; तेथे परीक्षक डोळ्यांनी पक्षी पाहतो. मघाशी उल्लेखिलेली निळी अँडॅलुशियन शुद्ध वंशाने चालत नसूनही मानकात सन्मानाने आहे, ती याच कारणाने. दिसणे प्रमाणित करणे हे मानकाचे काम असून ते त्याने चोख केले आहे. अनुवंश प्रमाणित करण्याचे काम त्याने कधी अंगावर घेतलेलेच नाही, तेव्हा त्यासाठी त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

रंगांच्या नावांना शिस्त लावण्याचे प्रयत्न पक्षिशास्त्रातही झाले आहेत. वर्नरच्या रंगनामांवर पॅट्रिक साइम यांनी १८१४ मध्ये केलेले पुस्तक डार्विनने 'बीगल'च्या सफरीत वापरले. रॉबर्ट रिजवे या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये १,११५ रंगांचा नमुन्यांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. असे ग्रंथ छटेचा वाद मिटवितात. जोडीतून काय निपजेल, याचा वाद त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा आदर्श वनस्पतींकडे आहे. लागवडीखालील वनस्पतींच्या वाणांसाठी १९५३ पासून आंतरराष्ट्रीय नामसंहिता आहे आणि अनेक वनस्पतिगटांसाठी नावांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थाही आहेत. गुलाबाच्या बाबतीत एकदा दिलेले नाव दुसऱ्या वाणास सहजासहजी देता येत नाही. गुलाबाला जे मिळाले ते गिनी फाउलला का मिळू नये, असा प्रश्न विचारणे अगदीच गैरवाजवी नाही. मात्र गुलाब कलमाने वाढतो आणि पक्षी जोडीने, हा भेद विसरून चालणार नाही. कलमात आई-बापांचा प्रश्नच येत नाही.

कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी

भारतात या पक्ष्यावर पद्धतशीर काम झाले ते बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत. संस्थेने गिनी फाउलचे तीन वाण विकसित केले : पर्ल रंगाचा कादंबरी, लव्हेंडर रंगाचा चितांबरी आणि पांढऱ्या रंगाचा श्वेतांबरी. परदेशी नावे जशीच्या तशी न उचलता आपली नावे ठेवण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. मात्र नावे आपली असली म्हणून ती चिकित्सेतून सुटत नाहीत.

श्वेतांबरी हे नाव निर्दोष आहे. पांढरे वस्त्र ल्यालेली. चितांबरीत 'चित्र' या शब्दाचा पडसाद ऐकू येतो. चितळ, चितकबरा या शब्दांत जो ठिपका आहे तोच येथेही कानाला जाणवतो. परंतु ठिपके कादंबरीलाही आहेत, नव्हे, गडद अंगामुळे ते तिच्यावर अधिक उठून दिसतात. ठिपक्यांचे नाव लव्हेंडरला द्यावे आणि मोत्यांच्या कोंबडीला देऊ नये, ही वाटणी अर्थाच्या दृष्टीने उलटी झाली आहे. राहिली कादंबरी. हा शब्द 'अंबर'शी यमक साधतो, पण त्यात अंबर नाही; त्याची व्युत्पत्ती निराळी आहे, आणि मराठी वाचकाला तर तो ऐकताच ना. सी. फडके किंवा खांडेकर आठवतील. तरीही एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. संस्कृत कोशांत 'कादंब' या शब्दाचा एक अर्थ गडद करड्या पंखांचा हंस असा दिलेला आहे. योगायोग असला तरी तो गडद करड्या पर्लला शोभणारा आहे.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. कादंबरी हे एका संस्थेने निवडपद्धतीने विकसित केलेल्या वाणाचे नाव आहे, रंगाचे नव्हे. प्रत्येक कादंबरी पर्ल असते. प्रत्येक पर्ल कादंबरी नसते. कुणाच्याही परसातील ठिपकेदार पक्ष्याला कादंबरी म्हटले की हा भेद पुसला जातो. त्याचा फटका आपल्यासारख्या संशोधन करणाऱ्यांनाही बसतो. 'पर्ल आणि लव्हेंडर यांतील अंड्यांचे प्रमाण' अशा स्वरूपाचा शोधनिबंध वाचताना प्रथम हे विचारावयास हवे की तुलना दोन रंगांची आहे की दोन कळपांची. पर्ल पक्षी एका ठिकाणाहून आणि लव्हेंडर दुसऱ्या ठिकाणाहून आणले असतील, तर दिसलेला फरक रंगाच्या जनुकाचा आहे, असे म्हणण्यास कोणताच आधार उरत नाही. निबंधात केवळ रंगाचे नाव असेल तर ही शंका फेडता येत नाही, आणि पुढील अभ्यासक तो फरक रंगाच्या नावावर जमा करून मोकळा होतो. शोधनिबंधांच्या परीक्षकांनी या एका गोष्टीबाबत तरी कठोर राहावे, असे मला वाटते.

मराठीत काय म्हणावे?

मराठीत या रंगांची नावे अद्याप रुळलेली नाहीत. शेतघराभोवती राखणीसाठी, साप-किड्यांसाठी हा पक्षी पाळणारे लोक आहेत, पण त्यांच्या बोलण्यात तो 'गिनी' एवढाच. म्हणूनच भाषांतराचे धोके आताच ओळखावेत. 'पर्ल'चे भाषांतर 'मोतिया' केले तर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पांढुरका, किंचित पिवळसर रंग येईल. मोतिया रंगाची साडी म्हणजे काय, हे घरोघरी माहीत आहे. पक्षी मात्र जवळजवळ काळा. 'लव्हेंडर'ला 'फिकट जांभळा' म्हटले तर चूक तितकीच मोठी. लव्हेंडर ही वनस्पती आपल्या परिसरातील नव्हे, आणि त्या पक्ष्यात जांभळेपण शोधूनही सापडत नाही. त्या रंगाला मराठीत फार जुना आणि अचूक शब्द आहे : पारवा. कबुतराच्या पाठीचा निळसर करडा रंग ज्याने पाहिला आहे त्याला लव्हेंडर गिनी फाउल समजावून सांगावा लागणार नाही.

रंगप्रकारांना नावे ठेवण्याची दृष्टी आपल्या पशुपालकांकडे नव्हती असेही नाही. मराठवाड्यातील देवणी गाईंमध्ये पांढऱ्या अंगाची पण काळसर तोंडाची ती वानेरा, सर्वांग पांढरे ती बाळंक्या आणि अंगावर विखुरलेले काळे ठिपके असलेली ती शेवरा. 'वानेरा' म्हणताच वानराचे काळे तोंड आठवते आणि काळेपणा नेमका कोठे आहे ते कळते. या नावांनी अनुवंशाचे वचन दिलेले नाही, हे खरे. परंतु जे दिसते ते कोठे दिसते, हे त्यांनी चुकविले नाही. रॉयल पर्पल या नावाला एवढेही साधलेले नाही.

या धर्तीवर गिनी फाउलचे नाव दोन शब्दांचे असावे, अशी माझी सूचना आहे. पहिला शब्द अंगाच्या रंगाचा : काळा-करडा, पारवा, तांबूस, पांढरा. दुसरा ठिपक्यांचा : पुरा-ठिपका, उणा-ठिपका, बिनठिपका. पर्लला 'काळा-करडा पुरा-ठिपका' म्हणताना काव्य हरवते, यात शंका नाही. ज्यांना काव्य हवे त्यांनी ते कंसात खुशाल ठेवावे. संस्थेने विकसित केलेल्या वाणाचे नाव यापासून स्वतंत्र राहील, आणि ज्या कळपाची वंशावळ त्या संस्थेपर्यंत दाखविता येते त्यालाच ते लावले जाईल.

तिसरी नोंद नावात न घेता पावतीवर घ्यावी, ती म्हणजे आई-बापांचे रंग. 'पिले २०, आई पारवा पुरा-ठिपका, बाप काळा-करडा उणा-ठिपका' एवढी एक ओळ पुरेशी आहे. ती लिहिण्यास विक्रेत्याला अर्धा मिनिट लागेल. तपकिरी पट्ट्यांची पिले खोक्यात घालून घरी नेणाऱ्या माणसाला त्या ओळीवरून कळेल की यांतील बहुधा एकही पक्षी आई किंवा बापासारखा दिसणार नाही, आणि रंगांची गंमत पाहावयाची असेल तर त्याला आणखी एक पिढी थांबावे लागेल.